दगड वाहायला इटलीला

वर्ककॅम्प म्हणजे काय हे कोल्हापुरात घरोघरी समजावून सांगणं, हेच निम्मं काम आहे. वेगवेगळ्या देशांतली दहा-पंधरा तरुण मुलं दोन-तीन आठवडे एका गावात राहतात आणि त्या गावाचं एखादं काम अंगमेहनतीनं करून देतात. कुठे पायवाट, कुठे बाग, कुठे जुनी इमारत. राहायची-जेवायची सोय तिथली संस्था करते. विमान, व्हिसा, विमा आणि सहभागाची फी आपली. पगार नाही. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे पैसं भरून दगडं उचलायला चाललीयास व्हय? मग आमच्या रानात ये की. दगडं बी हाईत, वर जेवायला बी घालतो."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

यादीत फिनलंडपासून तुर्कस्तानापर्यंतचे कॅम्प होते. मी इटलीतला चिंक्वे तेर्रेचा निवडला, कारण काम होतं बिनचुन्याच्या दगडी भिंती बांधायचं. आमचा ग्रुप रविवारी पन्हाळा-पावनगडाकडे साफसफाईला जातो. झुडपं तोडायची, कचरा गोळा करायचा, टाक्यातला गाळ काढायचा. ढासळलेली तटबंदी मात्र नुसती बघायची, कारण तिला हात लावायची परवानगी नाही आणि ज्ञानही नाही. शिवाय माझं आजोळ आजऱ्याकडचं. तिथं काजूच्या बागांना आणि परड्यांना गडगे, म्हणजे नुसते दगड रचून केलेले बांध, असतात, आणि ते रचणारे हात आता म्हातारे झालेत. दुसरं कारण फ्लॉरेन्स. त्याबद्दल शेवटी सांगते.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाची फी 90 युरो, किमान 30,000 युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी विमा, बँकेचं स्टेटमेंट, परतीचं तिकीट आणि संस्थेचं निमंत्रणपत्र. त्या पत्रात "बिनपगारी, स्वयंसेवी" हे शब्द ठळक हवेत. खिडकीपलीकडच्या माणसाला नुसतं "काम करायला चाललेय" म्हटलं की तो लगेच नोकरीच्या व्हिसाचं बोलायला लागतो.

शुक्रवार-शनिवार

रात्रीची महालक्ष्मी. स्टेशनवर आई, बाबा, आत्या, आत्याचे दोन नातू. बॅगेत लक्ष्मीपुरीतून घेतलेले सेफ्टी शूज, जाड हातमोजे आणि तीन पिशव्यांत गुंडाळलेली कांदा-लसूण चटणी. आईचा राग वेगळाच. "ऐन गणपतीत कुणी जातं का गं घर सोडून?" तारखा मी ठरवलेल्या नाहीत, हे तिला माहीत होतं, पण राग काढायला काहीतरी लागतं. शनिवारी मुंबईत मावशीकडे दिवसभर झोप आणि रात्री विमान.

रविवार

मिलानला उतरून आधी शहरात, तिथून जेनोवामार्गे समुद्राकडे रेल्वे. जेनोवा सोडलं की गाडी सतत बोगद्यात शिरते. अंधार, मग दोन सेकंद निळा समुद्र, पुन्हा अंधार. पाच गावं म्हणजे चिंक्वे तेर्रे: मोन्तेरोस्सो, वर्नाझा, कोर्निल्या, मानारोला, रिओमाज्जोरे. वर्नाझाला उतरले तर फलाटावर नवरात्रातल्या अंबाबाईच्या रांगेसारखी गर्दी. सगळ्यांच्या हातात आइस्क्रीम.

कॅम्प गावात नाही, वर डोंगरात. कॅम्पलीडर पोलंडची मुलगी, वयानं माझ्याहून थोडीच मोठी. ती आम्हा चौघांना घेऊन पायवाटेनं निघाली. पंधरा मिनिटांत गर्दी संपली आणि तासाभरात एक जुनी दगडी शाळा आली, जिथं आम्ही राहणार होतो. एका खोलीत सात खाटा, स्लीपिंग बॅग आपली. न्हाणीघरात चक्क धुवायची सोय! इटलीत 1975 पासून प्रत्येक घरात निदान एका न्हाणीघरात बिडे, म्हणजे धुवायचं बसकं भांडं, असणं कायद्यानं बंधनकारक आहे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक भारतीयाच्या मनातली जी चिंता कुठल्याही प्रवासवर्णनात लिहिलेली नसते, ती माझ्यापुरती तिथंच मिटली.

सोमवार

सात वाजता नाश्ता, आठला काम, एकला सुट्टी. दुपारी ऊन फार असतं म्हणून काम नाही.

हा सगळा डोंगर उभा आहे आणि लोकांनी शतकानुशतकं तो पायऱ्यापायऱ्यांनी कापून त्यावर द्राक्षं लावली. प्रत्येक पायरीला दगडी भिंतीचा आधार. कुठेही चुना नाही, सिमेंट नाही. या भूप्रदेशाला 1997 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, आणि अशा भिंती रचण्याची विद्या 2018 मध्ये इटलीसह आठ युरोपीय देशांच्या नावानं युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. पण दर्जानं भिंत उभी राहत नाही. तरुण मंडळी ला स्पेझियातल्या नौदलाच्या गोदीत आणि कारखान्यांत गेली, नंतरची पर्यटनात रमली, वरची शेतं ओस पडली. शेत सोडलं की भिंतीकडे बघायला कुणी नसतं. एक दगड निसटतो, मग दहा, मग सगळी पायरी खालच्या पायरीवर येते. 25 ऑक्टोबर 2011 च्या पावसात वर्नाझा आणि मोन्तेरोस्सोच्या गल्ल्या चिखलानं भरल्या आणि माणसंही दगावली. पडीक पायऱ्यांकडे तेव्हापासून लोक जास्त गंभीरपणे बघू लागले.

आमच्या वाट्याला आलेली भिंत छातीएवढी उंच, मध्येच खिंडार पडलेलं. पहिला दिवस फक्त पाडकामाचा. खिंडारातले दगड काढायचे आणि वेगळे रचायचे: मोठे पायाचे, लांब आडवे, सपाट माथ्याचे, आणि बारीक चिपांचा ढीग. मला वाटलं, हे तासाभराचं काम. एक वाजला तरी ढीग अर्धेच.

मंगळवार

शिकवणारे गवंडी सत्तरीच्या पुढचे. इंग्रजी शून्य. गावातली पोरं त्यांना नोन्नो म्हणजे आजोबा म्हणत, म्हणून आम्हीही. त्यांचे दोनच शब्द आम्हाला कळायचे: "कोझी", म्हणजे असं, आणि "नो".

पाया आधी. ढिली माती खणून घट्ट जमीन लागेपर्यंत चर, त्यात सगळ्यात मोठे दगड, तेही डोंगराकडे किंचित कललेले. भिंत सरळ उभी करायची नाही, वर जाताना ती मागे रेलली पाहिजे. दगडाची लांब बाजू दर्शनी ठेवायचा मोह होतो, कारण भिंत भराभर वाढल्यासारखी दिसते. नोन्नो येऊन मुकाट्यानं दगड उचलायचे, लांब बाजू आत घालून ठेवायचे. "कोझी." दोन दगडांच्या सांध्यावर वरच्या थरातला दगड आलाच पाहिजे, सांध्यावर सांधा आला की भिंत तिथून फाटते. आणि मागे, दर्शनी दगड आणि माती यांच्या मध्ये, बारीक दगडांची भर. ही भर नुसती ओतायची नाही, हातानं एकेक चीप ठासून बसवायची.

सिमेंट का नाही, हे तुर्की मुलानं खुणांनी विचारलं. नोन्नोंनी बाटलीतलं पाणी भिंतीच्या माथ्यावर ओतलं. थोड्या वेळानं ते खालच्या फटीतून झिरपत बाहेर आलं. सिमेंट असतं तर पाणी मागे तुंबतं, भिजलेल्या मातीचा भार येतो, भिंतीला पोट सुटतं आणि एखाद्या पावसात ती आडवी होते.

माझे त्या दिवशी बसवलेले दगड एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यातले दोन नोन्नोंनी जाता जाता काढून ठेवले.

बुधवार

पाठ, दंड, पोटऱ्या, सगळं बोंबलतंय. आणखी लिहायची ताकद नाही.

गुरुवार

पाऊस. ओल्या उतारावर काम करायचं नाही हा नियम, त्यामुळे दिवसभर शाळेत. कॅम्पलीडरनं वर्ककॅम्पचा इतिहास काढला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या व्हर्दाँजवळची गावं जमीनदोस्त झाली होती. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसानं 1920 मध्ये त्यातल्या एन नावाच्या गावात काही माणसं गोळा करून घरं-रस्ते पुन्हा बांधायला घेतले, आणि त्या माणसांत जर्मनही होते. कालपर्यंतच्या शत्रूनं येऊन तुमचं घर बांधायचं! लोकांना ते झेपलं नाही आणि काही महिन्यांत काम आटोपतं घ्यावं लागलं. पण त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही संघटना उभी राहिली.

मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "पुढचं तुला माहीतच असेल ना?" माहीत नव्हतं. 15 जानेवारी 1934 ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला, त्यानंतर हाच सेरेसोल साथीदारांना घेऊन भारतात आला आणि तिथल्या खेड्यांच्या उभारणीत राबला. बिहारचा भूकंप आम्ही शाळेत एका ओळीत शिकलो असू. त्या ओळीत स्वित्झर्लंडहून आलेला, फावडं हातात घेतलेला माणूस नव्हता. आत्याला सांगायला हा मुद्दा बरा आहे, असं मनात नोंदवून ठेवलं.

संध्याकाळी पहिलं भांडण. अर्थात भांड्यांवरून. रोज दोघांची स्वयंपाकाची पाळी आणि दोघांची भांड्यांची. दोन मुलं सलग गायब. एवढ्या देशांतल्या लोकांनी सामंजस्यानं एकत्र राहावं म्हणून जी कल्पना निघाली, तिची खरी परीक्षा मोरीत होते. कॅम्पलीडरनं आवाज न चढवता दोघांची नावं तक्त्यावर पुढच्या दोन्ही दिवसांसाठी लिहिली. विषय संपला.

शुक्रवार

माझी स्वयंपाकाची पाळी. जोडीदार मेक्सिकोची मुलगी. कॅम्पमध्ये तिघं वीगन, एकाला गव्हाचं चालत नाही, आणि बजेट बेताचं. रस्सा-बिस्सा करायची स्वप्नं तिथंच संपली. पण दुकानात अख्खा मसूर दिसला, आणि कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला मसूर दिसल्यावर दुसरं काय सुचणार? मसूर भिजत घातला. कांदा-टोमॅटो बारीक चिरून तेलात पार गळेपर्यंत परतले, आलं-लसूण वाटून घातलं, मग बॅगेतली चटणी. चटणी तेलात पडली आणि शाळेच्या खिडक्यांबाहेर दोन शेजारणी आल्या. चपात्यांना लाटणं नव्हतं, म्हणून वाईनच्या रिकाम्या बाटलीनं लाटल्या. गव्हाचं न चालणाऱ्याला भात.

मला भीती तिखटाची होती. मेक्सिकोची पोरगी चव घेऊन म्हणाली, "अजून थोडं चालेल." तुर्की मुलगा म्हणाला, आमच्याकडे याच डाळीचं सूप असतं, लिंबू पिळून खातात, आणि त्यानं सगळ्या पातेल्यावर लिंबू पिळायला सुरुवात केली. वेळीच थांबवला. नोन्नोही जेवायला होते. त्यांनी पावाच्या तुकड्यानं ताट स्वच्छ पुसलं आणि काही न बोलता पुन्हा पुढे केलं.

शनिवार-रविवार

सुट्टी. कोर्निल्या हे पाचातलं एकमेव गाव जे समुद्राकाठी नाही, कड्यावर आहे. स्टेशनपासून वर जायला विटांचा नागमोडी जिना, पावणेचारशेच्या आसपास पायऱ्या. जोतिबा चढलेल्या माणसाला त्याचं अप्रूप नाही, पण धापा टाकणारे पर्यटक बघायला मजा येते. बाकी गर्दी, फोटो, महाग कॉफी. सगळं इंटरनेटवर आहे. मी वेगळं काय सांगणार?

दुसरा सोमवार आणि मंगळवार

हात बसायला लागला. आधी मी दगड उचलून जागा शोधत होते. आता जागा बघून ढिगात त्या मापाचा दगड शोधते. फरक एवढाच, पण त्यानं वेग दुप्पट होतो. बसवलेल्या दगडावर नोन्नो हातोडीचा दांडा हलकेच आपटून ऐकतात. घट्ट बसलेल्या दगडाचा आवाज वेगळा, खाली पोकळी असलेल्याचा वेगळा. मंगळवारी माझ्या एका लांब दगडावर त्यांनी ठोकून ऐकलं, पुन्हा ठोकलं, आणि पुढे गेले. काढला नाही! मी त्याचा फोटो काढला. फोटोत तो बाकीच्या दगडांत ओळखूही येत नाही.

वरून दगड आणायला मोनोरेल आहे. एकाच दातेरी रुळावरून पेट्रोलच्या इंजिनावर धडधडत चढणारी छोटी गाडी. मूळ उपयोग द्राक्षांच्या क्रेट खाली आणण्याचा. काही ठिकाणी ती इतकी उभी चढते की बघताना आपल्याच पोटात गोळा येतो.

बुधवार

आईनं आरतीच्या वेळी व्हिडिओ कॉल लावला. आजोबा आजऱ्याहून गणपतीला आले होते. त्यांना आरतीपेक्षा भिंत बघायची होती. मी फोन भिंतीवरून हळूहळू फिरवला.

"मागं चिपा भरल्यास का न्हाई?"

"भरल्या की, आजोबा."

"हातानं, का पाटीनं वतल्यास?"

"हातानं."

"मग पावसाळा काढंल." जरा थांबून, "त्यो टोपीवाला कोन?"

मी फोन नोन्नोंसमोर धरला. दोघांनी एकमेकांना हात केला. आजोबांनी जांभ्याचा दगड कसा तासायचा ते मोठ्या आवाजात मराठीत सांगायला घेतलं, ऐकू कमी येत असलेल्या माणसाशी बोलावं तसं. नोन्नो इटालियनमध्ये तितक्याच जोरात आपला वालुकाश्म कसा फुटतो ते सांगत होते. मध्ये भाषांतर करणार कोण? मी फोन धरून उभी. नेटवर्क गेलं तेव्हा दोघंही बोलतच होते, निदान आमच्या बाजूचे तरी.

गुरुवार-शुक्रवार

माथ्याचे सपाट, वजनदार दगड बसले आणि खिंडार बुजलं. डोंगरभर पसरलेल्या भिंतींपुढे आमचा तुकडा म्हणजे काहीच नाही. शेजारच्या पायरीवर द्राक्षांची तोड सुरू झाली होती. शुक्रवारी आम्हीही दोन तास क्रेट भरल्या. मांडव इतके खुजे की वाकूनच तोडायची. रात्री गाववाल्यांबरोबर जेवण, नाच, फोन नंबर, रडारड. रडण्यात भांडी न घासणारे दोघं सगळ्यात पुढे.

शनिवार: फ्लॉरेन्स

ला स्पेझियाहून पिसामार्गे फ्लॉरेन्स. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी, त्यामुळे हातात एक दुपार. सोबतची मंडळी म्युझियमच्या रांगेत लागली. मी ट्राम पकडून कॅशिने बागेकडे गेले.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज 1870 मध्ये युरोपला गेले. वय अवघं वीस. लंडनला व्हिक्टोरिया राणीची भेट, कारखाने, संस्था, सगळं बघत त्यांनी रोजनिशी लिहिली. ती इंग्रजीत 1872 साली छापली गेली. परतीच्या वाटेवर प्रकृती बिघडली आणि 30 नोव्हेंबर 1870 ला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, हिंदू रिवाजाप्रमाणे, त्यांचा अंत्यसंस्कार झाला. तेव्हाच्या इटलीत ही गोष्ट किती अपूर्व असेल! पुढे 1874 मध्ये तिथं स्मारक उभं राहिलं. छत्रीखाली रंगीत अर्धपुतळा, डोक्याला पागोटं. छत्रीचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचा आराखडा ज्यानं केला तोच.

ट्रामच्या थांब्यावरून बागेच्या पार दुसऱ्या टोकाला जायचं, म्हणजे भरपूर चालणं आहे. स्मारकाभोवती कठडा. शेजारून केबलवर ताणलेला मोठा पूल जातो आणि त्यावर गाड्यांचा अखंड आवाज. मी लहानपणापासून हे फोटोत बघितलं होतं. प्रत्यक्षात पुतळा वाटला त्याहून तरुण दिसतो. किंवा मी आता त्या वयाच्या पुढे गेलेय म्हणून तसं वाटलं असेल.

कुत्रं फिरवायला आलेले एक गृहस्थ थांबले. मोडक्या इंग्रजीत विचारलं, भारतातली का? मी पुतळ्याकडे बोट दाखवून म्हटलं, हा आमच्या गावचा राजा. फोनवर नकाशा उघडून कोल्हापूर दाखवलं. त्यांनी नकाशा दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला, पुतळ्याकडे बघितलं.

"आम्ही 'इंडियानो' म्हणतो तो हा पूल," ते म्हणाले. "रोज सकाळी इथं ट्रॅफिक तुंबतं. इंडियानो म्हणजे कोण, हे मी कधी विचारलंच नाही."

मग मला स्टेशनला किती वाजता पोहोचायचंय ते विचारलं आणि सांगितलं की चालत निघालीस तर उशीर होईल. बागेच्या मधल्या रस्त्यानं ते मला ट्रामपर्यंत सोडायला आले, आणि वाटेत राजाबद्दल प्रश्न विचारत राहिले: लग्न झालं होतं का, मागे गादीवर कोण आलं, वाडा अजून आहे का. वाड्याचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. तो त्यांना पाठवेपर्यंत ट्राम आली.